मागच्या अंगणातली शेगडी: कोळशाची घ्यावी की गॅसची?

मे महिन्याच्या अखेरीस मेमोरियल डेची सुट्टी आली की न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत एकाच संध्याकाळी सात-आठ घरांच्या मागून धूर निघायला लागतो. नुकतंच घर घेतलेल्या कुणा ना कुणा मराठी कुटुंबाचा मला त्याच आठवड्यात फोन येतो. "ताई, ग्रिल घ्यायचंय. कोळशाचं घेऊ की गॅसचं?" मी उलट विचारते, "पेटवणार कोणत्या वारी?"

उत्तर "मंगळवारी, ऑफिसातून आल्यावर" असेल तर गॅस. "शनिवारी, चार माणसं येतील तेव्हा" असेल तर कोळसा. आमच्याकडे आता दोन्ही आहेत, पण ते दहा वर्षांत झालं. पहिलं एकच घ्यायचं असतं, आणि ते घेताना लोक सगळ्यात आधी चवीचा विचार करतात. चवीचा विचार करायचाच आहे, पण त्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या.

पहिली पायरी: परवानगी आणि भिंत

दुकानात जाण्याआधी घराभोवती एक चक्कर मारा. अपार्टमेंटमध्ये किंवा काँडोत राहत असाल तर भाडेकरार आणि असोसिएशनचे नियम काढून वाचा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अग्निसुरक्षेचा नियम असा आहे की बहुमजली इमारतीच्या लाकडी बाल्कनीत, किंवा पेट घेऊ शकेल अशा बांधकामापासून १० फुटांच्या आत, कोळशाची शेगडी पेटवायची नाही. नेहमीची २० पौंडांची प्रोपेनची टाकीही तिथे चालत नाही. गावागणिक नियम थोडे बदलतात, म्हणून आपल्या टाउनशिपच्या फायर मार्शलच्या कार्यालयात एक फोन करून खात्री करून घ्या. अशा घरात विजेवर चालणारं ग्रिल घ्यावं, किंवा सरळ काउंटी पार्क गाठावं. तिथे बऱ्याच ठिकाणी लोखंडी खांबावर बसवलेल्या कोळशाच्या शेगड्या असतात. मंडळाच्या उन्हाळी सहलीत आपल्यातल्या कितीतरी जणांनी पहिलं कणीस तिथेच भाजलेलं असतं.

स्वतंत्र घर असेल तर घराच्या भिंतीकडे बघा. इथल्या बऱ्याच घरांना बाहेरून विनाइलच्या पट्ट्या असतात. ग्रिल भिंतीला टेकवून ठेवलं तर त्या पट्ट्या मऊ होऊन मेणासारख्या ओघळतात, मग ग्रिल गॅसचं असो वा कोळशाचं. घरापासून, कुंपणापासून आणि झाडांच्या फांद्यांपासून दहा फूट लांब, सपाट जागा शोधा. लाकडी डेकपेक्षा फरशीचा पॅटिओ केव्हाही बरा.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. पाऊस आला म्हणून पेटलेलं ग्रिल गॅरेजात ओढू नका, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवूनही नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. विझत आलेली शेगडीही तो सोडत राहते. आपल्याकडे थंडीत खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यामागे हेच कारण असतं.

दुसरी पायरी: हातातला वेळ मोजा

गॅसचं ग्रिल पेटवल्यावर झाकण बंद करून १० ते १५ मिनिटं तापवलं की तयार. कोळसा पेटायला १५ ते २० मिनिटं, मग जाळी तापायला आणखी पाच-दहा मिनिटं. दिसायला फरक जेमतेम पाव तासाचा. पण कोळशाला माणूस लागतो. निखारे पसरायचे, हवेच्या झडपा लावायच्या, मधूनच आच बघायची, आणि दुसऱ्या दिवशी राख काढायची. ज्यांच्या घरी लहान मूल आहे आणि संध्याकाळी साडेसहाला जेवण हवं आहे, त्यांना मी डोळे झाकून गॅस सांगते.

तिसरी पायरी: तुम्ही काय भाजणार?

आता चव. धुराची चव कोळशातून येते अशी आपली समजूत असते. पण पूर्ण फुललेल्या निखाऱ्याला जवळजवळ धूर नसतो. त्या चवीचा मोठा वाटा वरून टपकणाऱ्या तेल-चरबीचा आणि मसाल्याचा. ते थेंब निखाऱ्यावर पडतात, चर्र होतात, आणि ती वाफ वर येऊन तुकड्याला चिकटते. गॅसच्या ग्रिलमध्येही बर्नरवर लोखंडी पत्र्याच्या उतरत्या पट्ट्या असतात. त्यांवर रस पडून हेच होतं, फक्त कमी प्रमाणात. म्हणून तंदुरी चिकन किंवा बर्गर गॅसवरही चांगले होतात, आणि डोळे मिटून खाल्ले तर काहींना फरक ओळखता येत नाही.

खरा फरक धगीचा आहे. रसरशीत निखारे समोरच्या वस्तूवर थेट उष्णता फेकतात, आणि ती कोरडी असते. प्रोपेन जळताना मात्र कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफही तयार होते, त्यामुळे गॅसच्या ग्रिलमधली हवा थोडी दमट राहते. साध्या गॅसच्या ग्रिलवर चिकन शिजतं छान, पण कडा खरपूस व्हायला वेळ लागतो तो यामुळे. वांग्याच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त जाणवतं. वांग्यातून चरबी टपकत नाही. तिथे सगळी करामत साल किती लवकर आणि किती खोल करपते याची. जळगावकडच्या भरताची चव जिभेवर असलेल्या माणसाने कोळसाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट कणसं, पनीर, सिमला मिरची, कोळंबी, अननसाच्या चकत्या, माशांचे पातळ तुकडे यांना गॅस पुरतो. हे सगळं दहा मिनिटांच्या आत होतं, आणि इतक्या थोड्या वेळात कोळशाला स्वतःचा गुण दाखवायला फारशी सवड मिळत नाही.

चौथी पायरी: पैसे

२२ इंची कोळशाची केटल, म्हणजे झाकण असलेली गोल शेगडी, साधारण दीडशे ते सव्वादोनशे डॉलरला येते आणि झाकून ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. वेबर कंपनीच्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये शिकागोजवळ ती पहिल्यांदा बनवली. त्यांच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांसाठी धातूचे अर्धगोल बनत. तसाच गोल आडवा कापून एक भाग खाली, एक वर झाकण. आजही आकार तोच आहे.

बऱ्यापैकी तीन बर्नरचं गॅसचं ग्रिल चारशे डॉलरच्या पुढे सुरू होतं. दीड-दोनशेवालीही मिळतात, पण त्यांचा पत्रा पातळ असतो, झाकण उघडलं की उष्णता निघून जाते, आणि दोन-तीन हिवाळ्यांत बर्नर गंजतात. दोनशेच डॉलर असतील तर स्वस्तातलं गॅसचं ग्रिल घेऊ नका, चांगली केटल घ्या. बर्नर दोन असले तरी चालेल का? चालेल, पण तीन असले तर एक बाजू पूर्ण बंद ठेवता येते. त्याचा उपयोग पुढे सांगते. बीटीयूचा, म्हणजे उष्णतेच्या मापाचा, मोठा आकडा पाहून भुलू नका. झाकण जड आहे का आणि नीट बसतं का, हे दुकानात स्वतः उघड-झाप करून बघा.

चालवण्याचा खर्च गॅसला कमी. २० पौंडांच्या भरलेल्या टाकीत सुमारे ४,३०,००० बीटीयू असतात. ३५,००० बीटीयूचं ग्रिल पूर्ण आचेवर चालवलं तर बारा तास जातात, आणि पूर्ण आचेवर आपण सतत चालवतच नाही. मात्र रिकामी टाकी देऊन भरलेली घ्यायच्या पिंजऱ्यातून मिळणाऱ्या टाक्यांमध्ये बहुतेक वेळा १५ पौंडच गॅस भरलेला असतो. आपलीच टाकी हार्डवेअरच्या दुकानात किंवा ट्रक भाड्याने देणाऱ्यांकडे भरून घेतली तर स्वस्त पडते.

कोळसा पहिल्यांदा पेटवताना

केटलबरोबर आणखी एक वस्तू घ्याच: चिमणी. दोन्ही बाजूंनी उघडा, आत जाळी आणि बाजूला मूठ असलेला पत्र्याचा नळा. वीस-पंचवीस डॉलरला मिळतो. पेटवण्याचं रॉकेलसारखं द्रव आणि ते आधीच पाजलेला कोळसा, दोन्ही दुकानातच राहू द्या. त्याचा वास पनीरला इतका धरतो की लिंबू पिळूनही जात नाही.

कोळसा दोन तऱ्हेचा. ब्रिकेट म्हणजे भुसा आणि कोळशाचा चुरा स्टार्चने बांधून केलेल्या एकसारख्या वड्या. १९२० च्या दशकात हेन्री फोर्डने मोटारींच्या कारखान्यातल्या टाकाऊ लाकडापासून त्या मोठ्या प्रमाणावर काढल्या, त्यातूनच पुढे किंग्सफर्ड हे नाव घरोघरी पोहोचलं. त्या सावकाश आणि सारख्या जळतात, म्हणून नवशिक्याने इथून सुरुवात करावी. दुसरा लम्प, म्हणजे आपल्या वखारीत मिळायचा तसा ओबडधोबड लाकडी कोळसा. तो लवकर पेटतो, जास्त तापतो, राख कमी करतो, पण लवकर संपतो आणि ठिणग्या उडवतो.

केटलची खालची झडप पूर्ण उघडा. चिमणी कोळशाने भरा. तिच्याखाली वर्तमानपत्राचे दोन कागद सैलसर चुरगळून ठेवा आणि पेटवा. पहिली पाच मिनिटं दाट पांढरा धूर येईल. घाबरू नका, आणि फुंकणी शोधू नका, चिमणी स्वतःच हवा ओढते. पंधरा-वीस मिनिटांनी वरच्या थरातल्या कोळशांच्या कडांवर राखेचा पांढरट पापुद्रा दिसला आणि आत लाल दिसलं, की झालं. हातमोजा घालून निखारे केटलमध्ये ओता. ओतायचे ते अर्ध्याच भागात. उरलेला अर्धा भाग रिकामा ठेवायचा.

ग्रिल कुठलंही असो, मला शिकवावीशी वाटणारी गोष्ट हीच आहे. एक बाजू तापलेली, एक बाजू निवांत. तापलेल्या बाजूला रंग आणायचा, निवांत बाजूला आतपर्यंत शिजू द्यायचं. चुलीवर भाकरी आपण आधी तव्यावर टाकतो आणि मग निखाऱ्याशी फुगवतो. इथेही जागा बदलून आच बदलायची. चरबी टपकून जाळ भडकला तर तुकडा निवांत बाजूला सरकवा आणि झाकण लावा. पाणी मारू नका, राख उडून सगळ्यावर बसते.

आच कमी-जास्त करायची ती झडपांनी. हवा जास्त, आच जास्त. वरची झडप निवांत बाजूच्या डोक्यावर येईल असं झाकण लावा, म्हणजे गरम हवा अन्नावरून फिरून बाहेर जाते. थर्मामीटर नसेल तर जाळीपासून पाच इंच वर तळहात धरा. दोन ते चार सेकंदांत हात काढावा लागला तर आच जोरदार, पाच ते सात सेकंद निभावलं तर मध्यम.

झाल्यावर खालची-वरची दोन्ही झडपा बंद करा. हवा तुटली की कोळसे विझतात आणि अर्धेअधिक पुढच्या वेळी कामाला येतात. राख मात्र वरून थंड दिसली तरी आत धग धरून असते. ४८ तास तिला हात लावू नका, मग झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढा. कागदी पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या कचराडब्यात टाकलेल्या राखेने घरं पेटली आहेत.

गॅस पहिल्यांदा पेटवताना

भारतातून आलेल्याला इथे एक सवय मोडावी लागते. तिकडे सिलिंडर ओट्याखाली असतो. इथली प्रोपेनची टाकी घरात, तळघरात, गॅरेजात, कुठेही आत ठेवायची नाही. हिवाळ्यातही ती बाहेर, उभीच. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे. गळला तर तो उडून जात नाही, जमिनीलगत आणि खोलगट जागेत साचतो. दुकानातून आणतानाही टाकी उभी ठेवा, काच खाली करा, आणि वाटेत दुसरी कामं काढू नका.

जोडणी सोपी आहे. ग्रिलच्या पाइपच्या टोकाचं मोठं प्लॅस्टिकचं बोंड टाकीच्या तोंडावर ठेवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हाताने घट्ट करायचं, पाना लावायचा नाही. मग भांड्यांचा साबण पाण्यात कालवून ब्रशने सगळ्या सांध्यांवर लावा आणि ग्रिलची सगळी बटणं बंद ठेवून टाकीची झडप उघडा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. झडप बंद करून सांधा पुन्हा आवळा, तरीही फुगले तर ते ग्रिल वापरू नका. दर मोसमाच्या सुरुवातीला आणि टाकी बदलली की हे करायचंच. कोळ्याची बारीक जाळी बर्नरच्या नळ्यांत बसलेली असतात, तीही वसंतात एकदा लांब ब्रशने काढून टाका.

पेटवताना झाकण उघडं हवं. हे पाळलं नाही तर साचलेला गॅस एकदम भडकतो आणि भुवया, केस जळतात. आधी टाकीची झडप, अगदी सावकाश. मग एक बटण, मग ठिणगी. पाच-दहा सेकंदांत पेटलं नाही तर सगळं बंद करून पाच मिनिटं थांबा.

"सावकाश" का, ते आमच्या पहिल्या उन्हाळ्यात घडलेल्या गोष्टीवरून सांगते. ग्रिल महिनाभर छान चाललं आणि एक दिवस ज्योत बोटभरही उठेना. तापमान अडीचशे फॅरनहाइटच्या वर जाईना. पाहुणे आलेले, चिकन कच्चं. दुसऱ्या दिवशी ते दीडशे पौंडांचं धूड गाडीत घालून दुकानात परत नेलं, बदलून आणलं, आणि दोन आठवड्यांनी नव्यालाही तेच झालं. दुकानात कुणी सांगितलं नव्हतं, ते एका शेजारच्या आजोबांनी सांगितलं. रेग्युलेटरमध्ये सुरक्षेची एक सोय असते. गॅस एकदम जोरात वाहिला तर त्याला पाइप फुटल्यासारखं वाटतं आणि तो प्रवाह बारीक करून टाकतो. बर्नरचं बटण चालू असताना टाकी उघडली, किंवा टाकी झटकन उघडली, की हे होतं. उपाय असा: बर्नर आणि टाकी दोन्ही बंद करा, जोडणी सोडवा, काही मिनिटं थांबा, पुन्हा जोडा, आणि बटणं बंद असताना टाकी अर्धा मिनिट लावून हळूहळू उघडा. ज्योत पूर्ववत होते. गॅसचं ग्रिल "बिघडलं" म्हणून मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे इथेच सुटतात.

टाकीत किती गॅस उरला हे पाहायला कडेने कपभर गरम पाणी ओता आणि हात फिरवा. जिथे पत्रा गार लागतो तिथपर्यंत गॅस आहे. दुसरी टाकी भरलेली ठेवा. गॅस संपतो तो नेहमी पाहुणे आल्यावर.

बंद करतानाचा क्रम: आधी टाकी, मग बटणं.

दोन्हींवर सारखंच

चिकन शिजलं का हे रंगावरून ठरवू नका. दही-तिखट-हळदीने ते कच्चं असतानाही शिजल्यासारखं दिसतं. पंधरा डॉलरचा काट्याचा थर्मामीटर घ्या. चिकनचा सगळ्यात जाड भाग १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस झाला पाहिजे, खिमा १६०, मासे १४५. दह्याचा जाड लेप जाळीवर ठेवण्याआधी बोटाने निपटून काढा, नाहीतर बाहेरून कोळसा आणि आतून पांढरं राहतं.

आपल्याकडच्या पंगतीत शाकाहारी माणसं हमखास असतात, आणि काही जणांसाठी एकाच जाळीवर मांस भाजलेलं असणं हा खरा प्रश्न असतो. त्यांना "बाजूला करतो ना" म्हणून गप्प बसवू नका. केटलला दुसरी जाळी मिळते, ती शाकाहारीसाठी राखून ठेवा. तिचा चिमटा वेगळा, त्याच्या मुठीला हिरवा दोरा बांधा. आधी शाकाहारी सगळं भाजून वाढा, मग जाळी बदला.

जाळी गरम असतानाच घासायची. तारांचे ब्रश मी वापरत नाही. तार तुटून जाळीला चिकटते आणि घासातून पोटात जाते. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून जाळीवर रगडा. काळपट थर निघतो आणि जाळीला तेलही लागतं.

भरताचं वांगं

कांदेनवमी आषाढात, म्हणजे जून-जुलैत येते, इथल्या ग्रिलच्या ऐन मोसमात. त्या दिवशी आमच्याकडे केटल लम्प कोळशाने पेटते. इथलं मोठं वांगं पाणीदार असतं, तर दोन लहान किंवा इटालियन जातीची लांबट घ्या. चार-सहा ठिकाणी सुरीने टोचून लसणाच्या पाकळ्या खोचा. न टोचलेलं वांगं फुटतं. तेलाचा हात फिरवून थेट निखाऱ्यांवरच्या जाळीवर ठेवा, झाकण न लावता, दर चार-पाच मिनिटांनी चिमट्याने पोटाशी धरून वळवा. देठाशी धरलं तर शिजलेलं वांगं सुटून निखाऱ्यात पडतं. सगळीकडून साल काळी, सुरकुतलेली आणि ठिसूळ झाली, की मग दहा मिनिटं निवांत बाजूला, झाकण लावून. देठाजवळचा भाग सगळ्यात उशिरा शिजतो, तिथे सुरी लोण्यासारखी गेली पाहिजे.

गॅसवर करायचं असेल तर एक बर्नर पूर्ण आचेवर, आणि त्यावर ऍल्युमिनियमच्या कागदात हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाच्या मूठभर चिपा गुंडाळून, कागदाला भोकं पाडून ठेवा. धूर सुटला की वांगं वर ठेवून झाकण लावा आणि अर्धा तास धरा.

उतरवल्यावर वांगं लगेच सोलू नका. वाडग्यात झाकून दहा मिनिटं ठेवा, साल हाताने निघून येते. सोललेलं वांगं नळाखाली धुऊ नका. हात ओला करून करपलेल्या चिंध्या तेवढ्या निपटा, आणि वाडग्याच्या तळाला साठलेला तपकिरी रस भरतात घाला.